सांगाड्याची उजवी बाजू

आमच्या मित्रमंडळींत त्या वर्षी दोघांनी घरं घेतली, एकाने मागच्या अंगणात पोहायचा हौद खणला आणि मी एक सांगाडा आणला. सांगाडा म्हणजे तीसच्या दशकातल्या एका गाडीची नुसती चॅसी. दोन लांब लोखंडी तुळया, मधे आडव्या पट्ट्या, खाली ॲक्सल आणि चार चाकं. इंजिन नाही, बॉडी नाही, बसायला सीट नाही. असल्या जुन्या गाड्या छाटून-काटून, त्यांत दांडगं इंजिन घालून लोक इथे हॉट रॉड बनवतात. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती, आम्ही टेक्ससमध्ये अर्विंगला राहत होतो आणि मी चाळिशीला टेकलो होतो. चाळिशीत माणसाला काहीतरी होतं म्हणतात. मला हे झालं.

शनिवारच्या जेवणाला जमलेले सगळे पानावरून उठून गॅरेजमध्ये बघायला आले. "यार, याला स्टिअरिंगसुद्धा नाहीये," हौदवाला म्हणाला. "ड्राइव्ह कसा करणार, नवस बोलून?"

बायको हसली नाही, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. पाहुणे गेल्यावर ती गॅरेजच्या दारात उभी राहिली.

"अहो, दसऱ्याला आपण वाहनाची पूजा करतो की नाही?"

"करतो."

"मग दसऱ्यापर्यंत हे वळलं तर वाहन. नाही वळलं तर लोखंड. आणि लोखंड भंगारवाल्याकडे जातं. मी त्याच्याशी बोलून ठेवलंय."

इंजिनाबद्दल ती काही बोलली नाही. चालणं तिच्या लेखी महत्त्वाचं नव्हतं, वळणं होतं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, तिचा अनुभव तिच्यापाशी.

मी जंकयार्डात जाऊन एका जुन्या पिकअप ट्रकचा स्टिअरिंग बॉक्स घेऊन आलो. कलिंगडाएवढा, बिडाचा आणि उचलताना कंबरेचं वय सांगणारा. त्याच्या एका तोंडातून स्टिअरिंगची लांब दांडी वर येते, दुसऱ्यातून एक आखूड जाड शाफ्ट आडवा बाहेर पडतो. त्या शाफ्टला एक लोखंडी हात खाली लटकतो. स्टिअरिंगचं चक्र फिरवलं की हात मागेपुढे हलतो आणि सळईने पुढचं चाक वळवतो. सगळी जादू एवढीच. पण बॉक्स ट्रकचा आणि चॅसी छोट्या गाडीची, त्यामुळे तुळईत शाफ्टसाठी नवीन भोक पाडायचं, जाड पत्र्याचा ब्रॅकेट कापायचा आणि तो वेल्ड करायचा, असं काम होतं.

भोक नेमकं कुठे पाडायचं? हॉट रॉडच्या पुस्तकातलं माप मला पटेना. मी एक प्लास्टिकचा क्रेट सांगाड्यात ठेवला, त्यावर बसलो, डोळे मिटले आणि हात पुढे केले. हात जिथे आपोआप आले तिथून चक्राची जागा ठरली, चक्रापासून दांडी, दांडीपासून बॉक्स, बॉक्सपासून भोक. चहाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी ब्रॅकेटचा नमुनाही केला. बायको चहा घेऊन आली, तिने सगळं नीट पाहिलं आणि "जमतंय की," म्हणाली. त्या बळावर मी तुळईला भोक पाडून मोकळा झालो.

संध्याकाळी शेजारचे म्हातारे आले. आयुष्यभर ट्रक दुरुस्त केलेला माणूस, आता रिटायर्ड. भारतातून आलेला प्रत्येक जण डॉक्टर असतो अशी त्यांची ठाम समजूत. मी इंजिनियर आहे हे मी त्यांना तीनदा सांगितलं होतं. त्यांनी भोक पाहिलं, टोपी काढली, डोकं खाजवलं.

"डॉक, तू पोस्टमन आहेस का?"

"का?"

"या देशात उजवीकडे बसून गाडी फक्त टपालवाले चालवतात."

मी क्रेटकडे पाहिलं. क्रेट उजव्या बाजूला होता. भोक उजव्या तुळईत होतं. सांगलीत मामाच्या जीपवर शिकलेले माझे हात डोळे मिटल्यावर सरळ सांगलीला गेले होते. आणि बायकोलाही त्यात काही खटकलं नव्हतं. कसं खटकेल? ती अमेरिकेत दहा वर्षं उजव्या सीटवर बसूनच माझी गाडी चालवत होती.

म्हातारे भले होते. म्हणाले, "काळजी करू नकोस. मी भोक वेल्डने बुजवतो, आपण डावीकडे नवीन पाडू. दसऱ्याला, किंवा तुमचं जे काही आहे त्याला, आठ दिवस आहेत. होऊन जाईल."

खरंच झालं असतं. मी "थँक यू" म्हणायला तोंडही उघडलं. पण मधेच काय झालं कोण जाणे. या देशात उतरल्यापासून मी सगळं उलटं शिकत आलो होतो. दिव्याचं बटण खाली नव्हे, वर करायचं. तारखेत आधी महिना. रस्त्याची बाजू दुसरी, नळाच्या गरम पाण्याची बाजू दुसरी. ऑफिसच्या कागदांवर माझं नाव उलटं, आडनाव आधी. सगळं निमूट शिकलो, त्याबद्दल तक्रार नाही. पण ही गाडी कोणी मला करायला सांगितली नव्हती. ही माझी होती. निदान हिच्यात तरी मी माझ्या बाजूला बसणार होतो.

"नको," मी म्हणालो. "उजवीकडेच राहील."

"बॉक्स डावीकडचा आहे, डॉक."

"तो फिरवीन."

मी बॉक्स मांडीवर घेतला आणि दांडीभोवती अर्धा वळसा फिरवला. आडवा शाफ्ट डावीकडे होता तो उजवीकडे आला. बॉक्स अर्थात उलटा, पाठीवर पडलेल्या कासवासारखा.

म्हाताऱ्यांनी मान हलवली. "आता चक्र डावीकडे फिरवलंस की गाडी उजवीकडे जाईल. पहिल्याच वळणावर कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत शिरशील."

ही शंका खरी होती आणि तिने मला दोन दिवस छळलं. मी जेवणाच्या टेबलावर लाटणं आणि चमचे मांडून हिशेब केला. बॉक्स उलटा केल्याने एकदा दिशा उलटते. पण सळई आता डाव्या चाकाऐवजी उजव्याला वळवणार, आणि त्या चाकाची जोडणी आरशातल्यासारखी उलट, म्हणजे तिथे आणखी एकदा उलटते. दोनदा उलटं म्हणजे सुलटं. मी हे म्हाताऱ्यांना समजावलं.

"लाटण्यावर बरोबर आहे," ते म्हणाले. "लाटण्याला रस्ता नसतो."

तरी वेल्डिंगचं यंत्र त्यांनीच आणलं. ब्रॅकेट बसला. बॉक्सच्या तेलाचं बूच आता तळाशी गेलं होतं, म्हणून तेलाऐवजी आत घट्ट ग्रीस भरलं. उजव्या चाकासाठी जंकयार्डातून वेगळी जोडणी शोधून आणली. खंडेनवमीला बायकोने सगळे पान्हे धुऊन पाटावर मांडले आणि हळद-कुंकू वाहून जाहीर केलं की आज हत्यारांना विश्रांती. एक अख्खा दिवस गेला. शेवटचा नट दसऱ्याच्या दिवशी दुपारी आवळला.

म्हातारे म्हणाले, "आधी जॅकवर चाकं उचलून बघू."

"अधांतरी काय, पंखासुद्धा फिरतो," बायको म्हणाली. "रस्त्यावर आणा."

आमची गल्ली पुढे बंद होती आणि तिला जरासा उतार होता. ब्रेक नव्हते, म्हणून म्हाताऱ्यांनी मागे जाड दोर बांधून तो कंबरेला गुंडाळला. मी क्रेटवर बसलो, उजवीकडे. बायको पूजेचं तबक घेऊन पुढे चालू लागली. मी म्हणालो, "अगं, बाजूला हो." ती म्हणाली, "तुमचा विश्वास आहे ना? मग चालवा." लाटण्याचा हिशेब अचानक मला एकदम उलटा आठवायला लागला.

"डावीकडे," ती मागे न बघता म्हणाली.

मी चक्र डावीकडे फिरवलं. जुना बॉक्स जरा ढिला होता, त्यामुळे सांगाडा आधी क्षणभर सरळच गेला, तिच्या अंगावर. मग वळला. डावीकडे.

"उजवीकडे."

उजवीकडे गेला. मग उताराच्या जोरावर तिने मला गल्लीच्या टोकाच्या गोलात वळवून आणलं, कुणाच्याही बैठकीत न शिरता. दोर धरलेले म्हातारे धापा टाकत मागे येत होते. थांबल्यावर बायको खाली बसली आणि त्या उलट्या बॉक्सला हळद-कुंकू लावलं, वर झेंडू ठेवला.

म्हातारे दोर सोडत म्हणाले, "ठीक आहे, डॉक. वळते. पण अजूनही सांगतो, डावीकडे घेऊन देतो. हायवेवर सगळे बघतील."

मी काही म्हणायच्या आत बायको उठली. "बघू देत," ती त्यांना म्हणाली. "आमच्याकडे असंच असतं." आणि तबकातला पेढा त्यांच्या हातावर ठेवला.