दादांची खोली आणि होकायंत्रवाले सर

मोहन्यातली आपली चाळ मी सोडली त्या दिवशी टेम्पोत कपाट चढवायला तुम्ही सगळ्यांनी हात लावलात आणि सगळ्यांनी एकदमच सूचना दिल्यात, म्हणून त्याचा एक पाय आजही वाकडा आहे. आई ओट्यावर उभी राहून रडत होती आणि रडता रडताच ड्रायव्हरला दटावत होती, "गादी खाली टाकू नको रे." दादा रडले नाहीत. माझे वडील रेयॉनच्या कारखान्यात रात्रपाळ्या करून केस पिकवलेले, रडण्यासारखं काही दिसलं की ते हिशेबाचं बोलतात. "ठाण्याला खोल्या जास्त आहेत म्हणतेस, तर एक आमच्यासाठी ठेव," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, ठेवलीच समजा.

तुमच्यातल्या मागे राहिलेल्यांचा एक गैरसमज आहे. तुम्हाला वाटतं, एकविसाव्या मजल्यावर राहायला गेलेला माणूस शहाणा होत असेल. लिफ्ट माणसाला वर नेते, अक्कल खालीच पार्किंगमध्ये राहते. आणि जे माझ्यासारखे चाळ सोडून गेले, ते हे वाचताना मान हलवतील आणि पुन्हा आपापल्या क्रिस्टलच्या कासवाच्या वाडग्यात पाणी घालतील.

खोली मी खरंच ठेवली होती. उत्तरेच्या कोपऱ्यातली, पश्चिमेला मोठी खिडकी, खिडकीत येऊरचे डोंगर. पण दादा येईनात. आई गेल्यावरसुद्धा येईनात. मधल्या काळात माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, कंपनीतली नोकरी सोडली आणि घरूनच स्वतःचं कन्सल्टिंग सुरू केलं. टेबल कुठे लावायचं? त्या खोलीत. तात्पुरतं. आपल्याकडे तात्पुरतं म्हणून ठेवलेली वस्तू हलवायला नवी पिढी जन्माला यावी लागते.

मग कामं येईनात. दोष दराचा नव्हता, वेबसाईटचा नव्हता, मिलिंदच्या सकाळी अकराला उठण्याचा तर मुळीच नव्हता. दोष टेबलाचा निघाला.

आता मिलिंद कोण, हे तुम्हाला माहीत आहे. कळव्याला विहाराच्या भिंतीला लागून वाढलेला, बावीस प्रतिज्ञा झोपेतून उठवला तरी म्हणून दाखवेल. सोसायटीतल्या कोणी वास्तुशास्त्राचं नाव काढलं तर तासभर भाषण देणारा. पण फेंगशुई म्हटल्यावर तो विरघळला. "अगं, ते वेगळं आहे. बौद्ध देशातून आलंय ते. आणि सायन्स आहे." भटजींना पुढच्या दाराने घालवायचं आणि तीच दक्षिणा मोबाईलवरून दुसऱ्याला पाठवायची, ह्याला आमच्या टॉवरमध्ये प्रगती म्हणतात.

सर आले. त्यांना सरच म्हणायचं, असं मिलिंदने मला आधी बजावलं होतं. राहणार डोंबिवलीचे, पूर्वी किचन ट्रॉल्या विकायचे, पण बोलणं असं की नुकतेच हाँगकाँगहून उतरलेत. हातात लाल-पिवळं चिनी होकायंत्र. ते त्यांनी खोलीभर फिरवलं, डोळे मिटले, उघडले आणि सांगितलं की उत्तर ही करिअरची दिशा आहे, पण टेबल चुकलंय. पाठ भिंतीला हवी, तोंड दाराकडे, म्हणजे संधी आत येताना दिसते. मी म्हणणार होते की आमच्याकडे संधी आली तरी गेटवर वॉचमनला ओटीपी दिल्याशिवाय वर येणार नाही. पण मिलिंद वहीत लिहून घेत होता. मग टेबलावर तीन पायांचा बेडूक आला, तोंडात नाणं धरून. बांबू आला. घंटा आल्या, त्या एकविसाव्या मजल्यावरच्या वाऱ्यात दिवसभर भांडी घासल्यासारख्या वाजत राहिल्या. शेवटी आला तो ढेरपोट्या, हात वर करून हसणारा.

तुमच्यासमोर खोटं कशाला बोलू, मला आपल्या चाळीतल्या खोलीची आठवण येऊन राग यायचा. दहा बाय बारामध्ये दादा रात्रपाळी करून झोपलेले असायचे. त्यांच्या पायाशी बसून मी अकाउंट्सचा अभ्यास केला आणि तिथली जागा संपली की भाऊ उंबऱ्यावर बसायचा. कोणाची ऊर्जा कोणाला आडवी गेली नाही. आईचा झाडू तेवढा आडवा यायचा. "उठा, सरका," म्हणायची, आम्ही सरकायचो आणि पुन्हा बसायचो. त्या खोलीतून दोन पदवीधर निघाले. इथे एवढं मोठं टेबल, आणि त्यावर काम करतो कोण, तर बेडूक.

शेवटी दादांचे गुडघेच थकले आणि ते यायला तयार झाले. रविवारी मी त्यांना घेऊन आले. नेमके त्याच दिवशी सर फायनल चेकिंगला आलेले. दादा पिशवी घेऊन सरळ त्या खोलीच्या दारात गेले, कारण ती आपली खोली आहे असं त्यांना ठाऊक होतं. टेबलावरचा ढेरपोट्या उचलून त्यांनी सगळीकडून बघितला.

"हे कोण?"

"लाफिंग बुद्धा, दादा. समृद्धीसाठी असतो," मिलिंद म्हणाला.

"बुद्धानं राज्य सोडलं. ह्यानं काय सोडलंय? जेवणसुद्धा नाय."

सर हसले नाहीत. त्यांचं लक्ष पिशवीकडे होतं. "आजोबा इथे राहणार? नो नो. एल्डर्सचा बेड करिअर झोनमध्ये नको, एनर्जी एकदम स्लो होते. एल्डर्सची दिशा ईस्ट. ईस्टला काय आहे आपल्याकडे?"

पूर्वेला ड्राय बाल्कनी आहे. तिथे वॉशिंग मशीन असतं आणि फरशी पुसायचा मॉप.

"परफेक्ट," सर म्हणाले. "स्लायडिंग लावून घ्या, मस्त छोटी रूम होईल."

मी मिलिंदकडे बघितलं. तो बाल्कनीकडे बघत होता. एक क्षणच, पण तो नजरेने लांबी मोजत होता. सरांचा मला तिरस्कार वाटत होताच, ते पैसे घेऊन मूर्खपणा करत होते. हा फुकट करत होता. लग्नाच्या इतक्या वर्षांत मला त्याची एवढी चीड कधी आली नव्हती.

दादा चिडले नाहीत. ते मिलिंदच्या फिरत्या खुर्चीवर बसले, पाठ भिंतीला, तोंड दाराकडे, आणि त्यांनी सरांना अगदी माहिती विचारावी तसं विचारलं, "पूर्वच का हो?"

"कुटुंब, आरोग्य, वडीलधारे, सगळं ईस्टलाच येतं आजोबा. प्राचीन शास्त्र आहे."

"प्राचीन तर असणारच. आमची वस्ती पण गावाच्या पूर्वेलाच होती. वारा पश्चिमेचा ना. आधी गावावरून जायचा, मग आमच्यावरून. आमच्या अंगावरचा वारा गावाला लागू नये म्हणून आमच्यासाठी ती बाजू काढलेली. तेव्हा पण कोणी हुशार माणसानंच काढली असंल. त्या दिशेला कंटाळून तर मी मोहन्याला आलो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "असू दे गं. झोपंन मी तिथं. रात्रीची मशीन लावू नका म्हंजे झालं."

सर "दॅट इज डिफरंट" असं काहीतरी म्हणाले. मी त्यांना चहा विचारला नाही. दार उघडून उभी राहिले, तोंड बाहेरच्या दिशेला, आणि एवढ्या दिशा कळणाऱ्या माणसाला ही दिशा बरोबर कळली.

मी वळले तेव्हा मिलिंदने टेबलाचे ड्रॉवर काढून जमिनीवर ठेवले होते. त्याचे कान लाल झाले होते. तो दादांना म्हणाला, "दादा, जरा उठता? टेबल न्यायचंय." ते टेबल आता हॉलमध्ये आहे, बीमखाली, तोंड भिंतीला, पाठ दाराला. सरांच्या मते ह्याहून वाईट जागा अख्ख्या घरात नाही. कामं अजूनही बेताचीच आहेत, पण मिलिंद आता नऊला उठतो. त्याचा काही परिणाम होतो का बघू.

तुम्ही फोनवर विचारता, घर म्हटलं की तुला मोहने आठवतं की ठाणे? मला त्या रविवारची संध्याकाळ आठवते. मिलिंद आणि मी खाट धरून रिकाम्या खोलीत उभे होतो, आणि मी विचारलं, "दादा, कुठे लावू?" त्यांना प्रश्नच कळला नाही. गावाने जागा नेमून दिली होती, कारखान्याने पाळी नेमून दिली होती, चाळीत उरेल तिथे ते आडवे व्हायचे. ह्या वयात पहिल्यांदा त्यांना कोणीतरी विचारत होतं. ज्याला असं विचारतात त्याचंच ते घर, बाकी सगळे मुक्काम, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

दादा खोलीभर फिरले. भिंतींना हात लावून बघितला. मग पश्चिमेची खिडकी त्यांनी पूर्ण उघडली.

"हितं लाव," ते म्हणाले. "वारा आधी मला लागू दे. मग तुम्हाला."