कोणता दामू?

माझ्या फजित्या वाटूरच्या फाट्यावर चहासोबत मिळतात. परक्याच मांडवात जेवून, आहेर करून, वर नवरदेवाशेजारी फोटो काढून आलो ती. नवा मोबाईल वैरणीसोबत कडबाकुट्टीत घातला ती. सगळ्या मीच सांगितल्या, रंगवून रंगवून. ही एक मात्र कधी तोंडातून निघाली नाही. बायकोलाही माहीत नाही. आणि वाईट काय, तर हिची सुरुवातही हसण्यासारखीच आहे.

मी कुत्रं आणलं होतं. पिल्लूच — तांबडं, एक कान पडका. फाट्यावरच्या हॉटेलात चहा पीत नाव ठरवणं चाललं होतं. मोती, राजा, वाघ्या — कुणी काय, कुणी काय. तेवढ्यात माझा शेतशेजारी दामू आला. माझ्याहून मोठा, पण त्याला दादा म्हणावं असं आमच्यातल्या कुणाला कधी वाटलं नाही. गरीब माणूस. चालताना डाव्या अंगाला जरा झुकायचा. पिल्लू उठलं आणि त्याच्या मागं मागं, तसंच एका अंगाला झुकत चाललं. मंग काय — माझी जीभ!

"अरे, हा तर आपला दामूच की!"

हॉटेल हसलं. दामूही हसला. "बापू, दुसरं नाव न्हाई सापडलं का रे?" एवढंच म्हणाला. सापडलं असतं. पण ह्या नावाला हशा मिळाला होता — आणि मिळालेला हशा मी कधी सोडलाय?

पुढं ते वाढतच गेलं. चौकात कुणी "दामू" म्हणून हाक मारली की दोघंही वळायचे, आणि कुत्रं आधी पोचायचं. "तुला न्हाई बे, चार पायाच्याला!" दामूची बायको, शांतावहिनी, नवऱ्याचं नाव घेत नसे, मग कुत्र्याचं कसं घेणार? बांधावर भाकरीचा तुकडा टाकताना ती चक्क "घ्या" म्हणायची. अहोजाहो — कुत्र्याला! हेही मी फाट्यावर नकलेसकट करून दाखवलं. त्या दिवशी दामू कोपऱ्यात बसला होता. अर्धा कप तसाच ठेवून उठला. मी पाहिलं. नक्कल थांबवली का? नाही.

त्यानंतर दामू नावाला वळेनासा झाला. मागून कितीही हाका मारा — बिलकुल नाही. खाली बघून पुढं चालायचा. "साहेब झालाय बघा आपला दामू," म्हणून तेही मी हसण्यावारी नेलं. एक माणूस स्वतःचं नावच टाकून देतोय, हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं हो. आमच्या दोघांच्या शेतांवरून गेलेल्या विजेच्या ताराही लोंबलेल्या दिसतच होत्या. वारं सुटलं की त्या झुलायच्या, एकमेकींना घासून ठिणग्या पडायच्या. बघून बघून सवय झाली होती.

मग एकदा वादळ झालं. सकाळी शेतात गेलो, तर त्यातली एक तार तुटून बांधावरच्या ओल्या गवतात पडलेली. आणि दामू खांद्यावर कुदळ टाकून बांधाबांधानं तिकडंच निघालेला, पाठ माझ्याकडं. माझं कुत्रं त्याच्या आसपास हुंगत होतं. मी ओरडलो, "दामू! ए दामू!"

कुत्रं शेपूट हलवत माझ्याकडं पळत आलं. माणूस पुढं गेला. मी पुन्हा तेच ओरडलो. पुन्हा तेच! 'तार' — एवढासा शब्द — तो सुचेपर्यंत दामू पडला होता.

लोकांनी विचारलं, हाक न्हाई मारली का? मारली की, म्हणालो, पण त्याला हल्ली कमी ऐकू यायचं. कसं झटकन सुचलं बघा. तार सुचली नाही, हे सुचलं.

सगळ्यांना पटलं. शांतावहिनीलाही. आता ती येईल-जाईल त्याला सांगते, "त्यांला ऐकू येत नव्हतं, अन् घरात राहून माझ्या ध्यानात आलं न्हाई. कान दाखवायला जल्दी दवाखान्यात नेलं असतं तर..." मी शेजारी बसून मान हलवतो. कुत्रं म्हातारं झालंय. त्याला मी आता नुसती शीळ घालतो. ती अजून त्याला भाकरी टाकते, "घ्या" म्हणते. कुणी हसत नाही.

पण माझ्या पहिल्या हाकेला दामू थबकला होता. पाऊल उचललेलं तसंच राहिलं. मान वळायला लागली — गालाची कड दिसली मला. तेवढ्यात कुत्रं त्याच्या पायापासून सुटून माझ्याकडं धावलं. ते त्यानं पाहिलं. आणि मान परत सरळ केली.