गिअर घट्ट झाला

यावलमध्ये मोटारी मोजक्याच होत्या, तेव्हा आमच्याकडे एक जुनी होती. तिच्या गिअरचा दांडा इतका ढिला की चढावर गिअर आपोआप सुटायचा. म्हणून शेजारी बसलेली बायको तो हाताने धरून ठेवायची आणि मी तिला ड्रायव्हिंगमधले बारकावे ऐकवायचो.

धुळ्याला जाताना सोनगीरजवळ दांडा पारच लुळा पडला. हमरस्त्यावरच्या एका मेकॅनिककडे आम्ही गाडी ढकलत नेली. त्याचं नाव विचारायचं राहिलं. माणूस रुबाबदार. पाना उचलण्याआधी त्याने मनगटावरचं घड्याळ काढून खिशात जपून ठेवलं. मी रस्त्याला, गाडीला दोष द्यायला तोंड उघडलं की तो नुसता हात वर करायचा.

दांड्याच्या बुडाशी बसवलेली झिजलेली कडी, म्हणजे बुश, बदलून त्याने दांडा हलवून पाहिला. "आते हालाव नही," म्हणाला, म्हणजे आता ढिला पडायचा नाही.

मी ऐटीत बसलो. गाडी पहिल्या गिअरमध्ये पुढे घेतली, क्लच दाबला आणि वाट बघत राहिलो. दांडा आता धरायचा नव्हता, म्हणून बायको हात मांडीवर ठेवून निवांत बसली होती. गाडी रेंगाळत थांबली. इतकी वर्षं मी क्लच दाबला की पुढचा गिअर तीच टाकत होती, हे मला तेव्हा कळलं.

मेकॅनिक चालत आला, माझ्या खिडकीत वाकला.

"भाऊ, तुम्ही नुसता क्लच दाबतस. ड्रायव्हर ते अक्का शे."

तिथून धुळ्यापर्यंत गाडी मीच नेली, असं मी सगळ्यांना सांगतो. बायको तेवढा वेळ खिडकीबाहेर बघते.