पट्टी उजवीकडे

कारखान्यात तिला सगळे कात्री म्हणत. कापड ती कापायची हे खरं, पण नाव पडलं ते जिभेमुळे. नाकावर माशी बसू द्यायची नाही, आणि बसलीच तर माशीचीही सात पिढ्यांची खबर घ्यायची. कापड बेतण्यात मात्र तिच्याकडे कुणी बोट दाखवू शकत नव्हतं. गणवेशांचे शर्ट शिवणारा तो छोटा कारखाना दोघा भावांचा. मोठा भाऊ गल्ल्यावर बसायचा, धाकटा माल पोचवायचा, आणि खरा कारखाना चालवायच्या त्यांच्या बायका. मोठ्याची बायको माल तपासायची, धाकट्याची बायको म्हणजे आपली कात्री. ती मोठ्या जावेला तोंडावर ‘जाऊबाई’ म्हणायची आणि पाठीमागे ‘थोरली’. दोन्ही शब्दांत माया तेवढीच, म्हणजे नव्हतीच.

पाळी जायचं वय आलं आणि कात्रीची दशा सुरू झाली. उभ्याउभ्या अंगातून वाफ निघायची, कपाळावरचा घाम टपकन कापडावर पडायचा. रात्री डोळ्याला डोळा नाही. सकाळी बोटं अशी सुजलेली, की मोठ्या कात्रीच्या कड्यात अंगठा जाईना. कड्यात अंगठा जात नाही त्या बाईला कापड बेतायच्या टेबलावर काय काम? हे तिला कळत होतं, आणि थोरलीला तर फारच चांगलं कळत होतं. थोरलीचा एक भाऊ दुसरीकडे कटर होता आणि त्याला इथे आणायचं स्वप्न ती लग्नापासून पाहत होती.

‘‘वय झालं की माणसानं आपणहून बाजूला व्हावं,’’ थोरली शर्टाची कॉलर न्याहाळत म्हणायची. ‘‘आम्हीही गेलो यातून. गाजावाजा नाही केला.’’

‘‘तुम्ही गेलात त्यातून?’’ कात्री म्हणायची. ‘‘अजून आतच आहात जाऊबाई. सगळ्या कारखान्याला चटके बसतात.’’

शेवटी कात्री डॉक्टरीणबाईंकडे गेली. डॉक्टरीणबाई तरुण आणि सरळ बोलणारी. तिनं सांगितलं, की या वयात इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन कमी होतं. त्यानं घाम येतो, झोप उडते, आणि कित्येक बायकांच्या अंगात बारीक सूज धुमसत राहते, सांधे धरतात. तपासण्या करून तिनं एक पारदर्शक पट्टी दिली. बेंबीच्या खाली, पोटाच्या एका बाजूला चिकटवायची आणि आठवड्यातून दोनदा बदलायची. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, म्हणजे कातडी चिडत नाही.

‘‘गोळी नाही का?’’ कात्रीनं विचारलं.

‘‘गोळी पोटातून आधी यकृतात जाते. तिथं काहीजणींच्या रक्तातला सुजेचा आकडा उलट वाढतो. पट्टी कातडीतून थेट रक्तात जाते, तिच्यानं सहसा तसं होत नाही. पण मी ही घामासाठी आणि झोपेसाठी देतेय. बोटांचं होईल तेवढं होईल, वचन देत नाही. आणि तुमचं गर्भाशय आधीच काढलंय म्हणून नुसती पट्टी चालेल. असतं तर जोडीला दुसरं औषध द्यावं लागलं असतं. नाहीतर आतलं अस्तर जाड होतं, ते धोक्याचं.’’

बाकीचं कात्रीच्या डोक्यात किती शिरलं देव जाणे, पण अस्तर शब्द पक्का बसला. आयुष्यभर कापड-अस्तरात वावरलेली बाई ती.

काही आठवड्यांत घाम ओसरला, झोप आली. मग हळूहळू बोटंही उतरली आणि अंगठा कड्यात पूर्वीसारखा फिरायला लागला. कात्री खूश झाली, आणि खूश झाली की ती जास्तच बोलायची. थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ‘‘त्या डॉक्टरणीनं हिला चांगली पट्टी पढवलीय,’’ ती काज करणाऱ्या बाईला ऐकू जाईल असं म्हणाली.

आणि मग तो घोळ झाला. तो जगात शिंप्यांखेरीज कुणाच्या हातून झाला नसता.

पट्टी कुठल्या बाजूला लावायची हे कात्री विसरायची. पाकीट टेबलाच्या खणात असे, म्हणून एका दुपारी तिनं खडूनं टेबलाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं, ‘पट्टी उजवीकडे’. आता त्याच कोपऱ्यात ती रोज शिवणारीसाठी सूचना लिहायची. आणि शर्टात पट्टी म्हणजे काजाची पट्टी, पुरुषांच्या शर्टाला डावीकडे, बायकांच्या शर्टाला उजवीकडे. त्या आठवड्यात एका इस्पितळाच्या रखवालदारांचं काम होतं, पुरुषांचंही आणि बायकांचंही. शिवणारीनं कोपरा वाचला, मान डोलावली, आणि पुरुषांचा अख्खा गठ्ठा उजव्या पट्टीनं शिवून मोकळी झाली.

थोरलीनं पहिला शर्ट उचलला, उलटा केला, सुलटा केला. मग तिचा चेहरा असा उजळला, की माल बिघडल्यावर कुणाचा उजळू नये.

‘‘मशिनी बंद करा,’’ ती म्हणाली. ‘‘सगळ्यांनी बघा. रखवालदारांना बायकांचे शर्ट! कुणी लिहिलं हे?’’

‘‘मी,’’ कात्री म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. ‘‘पण ते शर्टाचं नव्हतं. ती माझी पट्टी होती. औषधाची.’’

कोपऱ्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळेच. कात्रीवर कधी कुणी हसलं नव्हतं. तिचे कान लाल झाले.

‘‘ऐकलंत?’’ थोरली म्हणाली. ‘‘हाताची सूज डोक्यात चढली! औषधं चिकटवून तरुण व्हायला निघालीय. सोमवारी माझा भाऊ येईल. टेबल तो बघेल, तू बटणं लाव.’’

कात्रीनं गल्ल्याकडे बघितलं. मोठे दीर मूग गिळून बसले होते. नवरा बाहेर माल पोचवत होता, आणि असता तरी त्यानंही तेच गिळलं असतं. चूक तिचीच होती. तिला रडू आलं नाही, राग आला, सगळ्यांचा आणि सगळ्यात जास्त त्या खडूचा.

तिनं सगळे शर्ट स्वतः उसवायला घेतले. एकेक टाका काढायचा, पट्टी सोडवायची, पुन्हा लावायची. बोटं दुखली पण सुजली नाहीत. मध्ये एकदा खणातलं पाकीट उघडलं तर एक पट्टी कमी वाटली. आपणच विसरलो असू म्हणून तिनं तेही खापर स्वतःच्याच डोक्यावर फोडलं. लोकांनी ‘डोक्यात सूज’ म्हटलं की माणूस स्वतःवर शंका घ्यायला लागतो, हा त्यातला खरा विखार.

शनिवारी दुरुस्त झालेले शर्ट थोरलीनं उराशी कवटाळून इस्त्रीच्या टेबलावर नेऊन टाकले. इस्त्रीवाला एकेक उलगडत होता. अचानक तो थांबला आणि एका शर्टावरून काहीतरी सोलून काढून त्यानं वर धरलं.

‘‘कात्रीबाई, तुमची पट्टी सुटली!’’

मशिनी थांबल्या. पुन्हा तेच फिस्सकन हसू. कात्रीचा हात आपोआप बेंबीखाली गेला. तिची पट्टी जागेवर होती, डावीकडे, चारही कोपरे घट्ट.

तिनं वर बघितलं. थोरली इस्त्रीच्या वाफेत उभी होती आणि उजवा दंड डाव्या हातानं गच्च धरून होती. चेहऱ्यावरून घाम ओघळत होता. असं भेदरलेलं तोंड कात्रीनं तिचं कधी पाहिलं नव्हतं.

काय आयती संधी होती! सगळे जमलेले, इस्त्रीवाल्याच्या हातात मुद्देमाल, आणि कात्रीच्या जिभेवर वाक्य तयार. तिनं तोंड उघडलं.

‘‘आण इकडे,’’ ती म्हणाली. ‘‘माझीच आहे. हसायला काय झालं? मशिनी काय तुमचे वडील चालवणार?’’

यात दया नव्हती, गैरसमज नको. चारचौघांत टाकलेला दगड एकदाच लागतो, तो मुठीत ठेवलेला तिला जास्त पसंत होता. ती कापडाच्या खोलीत गेली. थोरली मागोमाग आली आणि दार लावून घेतलं.

‘‘दंडावर लावलीत?’’ कात्री म्हणाली.

‘‘तू लिहिलं होतंस ना, उजवीकडे.’’

‘‘चोरी करायची तर नीट वाचून करावी. कधी लावली?’’

‘‘परवा. काही फरक नाही.’’

‘‘परवा! सात वर्षं सगळ्यांवर दातओठ खाल्लेत, आणि आता दोन दिवस दम निघेना?’’

थोरली कापडाच्या ठाणांवर टेकली. ‘‘माझी पाळी गेली तेव्हा मला गोळ्या दिल्या होत्या. रक्तात सूज वाढली म्हणे. मी घाबरले, बंद केल्या. पुन्हा कुणाला विचारलं नाही. मलाही कुणी विचारलं नाही. तू रोज झोप झाल्यासारखी यायचीस, मला बघवायचं नाही.’’

‘‘मीही विचारलं नसतं,’’ कात्री म्हणाली. ‘‘आजही तुमच्याबद्दल मला काही वाटत नाही. पण तुमचं गर्भाशय आहे ना जागेवर? मग नुसती पट्टी चालत नाही. आतलं अस्तर जाड होतं. सोमवारी डॉक्टरीणबाईंकडे चला. जुने गोळ्यांचे कागद असतील तेही घ्या.’’

‘‘सोमवारी माझा भाऊ...’’

कात्रीनं ती सुटलेली पट्टी दोन बोटांत धरून तिच्या नाकासमोर नाचवली. बोलली काहीच नाही, आणि तिच्या आयुष्यात ते पहिल्यांदाच घडत होतं.

थोरलीनं पदरानं मान पुसली. मग फोन काढला. पलीकडून भावाचा आनंदी आवाज कात्रीलाही ऐकू आला.

‘‘येऊ नकोस,’’ थोरली त्याच्यावर खेकसली. ‘‘टेबल रिकामं नाही.’’