तात्यांची लाल रेघ

तात्या चिडले की आधी गप्प होतात. त्या सोमवारी मीटिंगच्या सुरुवातीला ते गप्प बसले, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

लिफ्ट दुरुस्तीच्या आमच्या कंपनीत नऊ टीम आहेत. तात्या त्यातल्या एकीचे मुख्य मेकॅनिक. मी आकडेवारी बघते. दुरुस्तीनंतर महिन्याभरात त्याच लिफ्टची पुन्हा तक्रार किती वेळा आली, हे दाखवणारा डॅशबोर्ड मी बनवला होता. प्रत्येक टीमचा वेगळा चौकोन, त्यात टीमची लाल रेघ, मागे सगळ्या कंपनीच्या सरासरीची राखाडी रेघ. तात्यांची लाल रेघ राखाडीच्या दुप्पट उंचीवर होती.

"तात्या, तीन महिन्यांत ही सरासरीखाली हवी," साहेब म्हणाले.

"माझ्याकडच्या बहुतेक लिफ्टा चाळीस वर्षांच्या आहेत, साहेब. बाकीच्यांकडच्या काल-परवा बसवलेल्या. पणजीला आणि पणतीला एकाच शर्यतीत पळवता, आणि पणजी मागे पडली की शिव्या मला?"

सगळे हसले. तात्या सोडून.

"कारणं नकोत. आकडा बोलतो."

"मग आकड्याच्याच हातात पाना द्या!" तात्या उठून निघून गेले.

दोन महिन्यांत लाल रेघ झपाट्याने उतरली. साहेब खूश, मीही खूश. मग एका दुपारी तात्यांच्या भागातली एक लिफ्ट घसरून दोन मजल्यांच्या मध्येच अडकली. आत एक शिवणकाम करणारी बाई होती. पाऊण तासाने तात्यांनी तिला हात धरून वर ओढून काढलं. ती म्हणाली, "अहो, दुरुस्तीनंतर दोनदा फोन केला होता मी. कोणी आलंच नाही."

तात्यांनी ऑफिसात येऊन नोंदी पाहिल्या. तिची एकही तक्रार नव्हती. त्यांच्याच टीममधला त्यांचा मेहुणा फोनवर "बघतो, बघतो" म्हणायचा आणि नोंदवायचाच नाही.

"दाजी, तुमची रेघ खाली यावी म्हणूनच केलं," तो म्हणाला.

"माझी रेघ? अरे, ती बाई मेली असती तर कुठल्या रेघेत बसवली असतीस?" सगळ्यांदेखत तात्यांनी त्याच्याकडून हत्यारांची पिशवी काढून घेतली आणि त्याला घरी पाठवलं. बायको आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

मग ते माझ्या टेबलाशी आले. "तू शिकलेली ना? तुला दिसलं नाही?"

मी प्रत्येक लिफ्टचं वय मागवलं. आलेल्या फोनच्या यादीतून दडवलेल्या तक्रारी शोधून परत जोडल्या. इतर टीमकडेही थोड्या जुन्या लिफ्टा होत्या. सगळ्या कंपनीतल्या जुन्या लिफ्टांची वेगळी सरासरी काढून ती तात्यांच्या जुन्या लिफ्टांच्या रेघेमागे ठेवली. लाल रेघ राखाडीच्या खाली निघाली. दर महिन्याला.

पुढच्या मीटिंगमध्ये साहेब टाळ्या वाजवत म्हणाले, "वा तात्या, काय सुधारणा!"

"डोंबलाची सुधारणा! मी तोच, लिफ्टा त्याच. बदलली ती मागची रेघ. त्या बाईची माफी कोण मागणार?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं.

तात्यांनी त्याच दिवशी त्या बाईच्या लिफ्टसारखेच ब्रेक झिजलेल्या पाच लिफ्टा बंद करून चाव्या खिशात घातल्या. माणसं जिने चढत त्यांच्या नावाने बोटं मोडत होती. बाराव्या दिवशी नवे ब्रेक आले.

मेहुण्याला त्यांनी पुढे परत घेतलं, पण त्याच्याशी कामापुरतंच बोलतात. माझ्याशी तेवढंही नाही.