डोळ्याखालचा फुटवा

साळवे सर नसते तर आज मी कुणाच्या तरी मोसंबीच्या बागेत खुरपत असतो. हे मी सगळीकडे सांगतो — नोकरीच्या ठिकाणी, सत्काराला, बायकोच्या माहेरी. त्याच सरांशी मी काय केलं, ते मात्र कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही.

सातवीनंतर आई मला कामाला लावणार होती. सर त्यांच्या गावाहून, वडीगोद्रीहून, सायकलवर आमच्या वस्तीवर तीनदा आले. तिसऱ्यांदा आई कबूल झाली आणि मी आठवीत गेलो. पुढे शेतकी पदवी घेतली. आमच्या घरातला पहिला पदवीधर.

शेवटच्या वर्षी कॉलेजची सहल हिमाचलला गेली. तिथून मी सरांसाठी सफरचंदाचं कलम आणलं, ओल्या गोणपाटात गुंडाळून. थंडीतलं झाड. आपल्याकडच्या उन्हात तगेल का, हे मी नर्सरीवाल्याला विचारलंच नाही. का विचारलं नाही? — मला सरांना काहीतरी मोठं द्यायचं होतं. सरांनी अंगणात खड्डा घेतला, वरून हिरवी जाळी बांधली आणि गावभर सांगितलं, माझ्या विद्यार्थ्यानं आणलंय.

दुसऱ्या उन्हाळ्यानंतर गेलो, तर झाड हिरवंगार. सर खुशीत. मी खाली वाकलो — आणि कळलं. कलमाचा सांधा काळा पडलेला. वरची काडी वाळून गेलेली. हिरवं दिसत होतं ते सगळं सांध्याखालून आलेलं, ज्यावर कलम बांधतात त्या रानटी खुंटाचं.

हे ओळखायला पदवी लागत नाही. आई मोसंबीच्या बागांत जंभेरीचे, म्हणजे मोसंबीखालच्या खुंटाचे, फुटवे काढायला जायची, मीही तिच्यासोबत. मोसंबीचा डोळा जिथं बांधलाय त्याच्या खालून फुटलं ते जंगली, ते खुडायचं — आमच्याकडे लेकरांना हे अक्षरांच्या आधी कळतं. मग मला कळलं नाही, असं कसं म्हणू?

शेजारचे भानुदासमामा, मोसंबीचे जुने बागायतदार, तिथंच उभे होते. ते सरळ म्हणाले, "सर, वरचं कवाच मेलंय. हा खुंट फुटलाय. याला काय सफरचंद येत न्हाई."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. तू सांग म्हणाले, तू त्यातलंच शिकलायस.

आणि मी म्हणालो, "मामा, मोसंबीचं वेगळं. सफरचंद असंच फुटतं. चार-पाच वर्षं लागतील."

भानुदासमामा हसले. "साहेब म्हणतेत, मंग बराबरच आसंल."

सर त्यांना म्हणाले, भानुदास, अनुभव वेगळा आणि शिक्षण वेगळं. ते ऐकून मला काय वाटलं? — खरं सांगतो, बरं वाटलं.

त्यानंतर सहा वर्षं. दर फोनला सर झाडाचं सांगायचे आणि मी दर वेळी पुढचं वर्ष दाखवायचो. उन्हाळ्यात टँकर आठवड्यातून एकदा यायचा. सर त्यातली पहिली बादली झाडाला न्यायचे. या मे महिन्यात ती नेतानाच घसरले. खुब्याचं हाड मोडलं. वय चौऱ्याहत्तर. पुन्हा चालतील, असं डॉक्टर म्हणत नाहीत.

भेटायला गेलो तेव्हा सर दुखण्याचं काही बोलले नाहीत. काळजी करू नकोस म्हणाले, झाडाला भानुदास पाणी घालतो. मी बाहेर आलो. मामा खरंच झाडाच्या आळ्यात बादली ओतत होते. ओतता ओतता म्हणाले, "सरांचा जीव आडकलाय ना त्याच्यात. मला काय, येक बादली."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

तेव्हाही आत जाऊन सरांना सांगायची हिंमत झाली नाही. नोकरीच्या गावी, जालन्याला परत आलो आणि हे पत्र पाठवलं —

आदरणीय सर, सविनय जय भीम.

अंगणातलं झाड सफरचंदाचं नाही. सफरचंद दुसऱ्याच उन्हाळ्यात मेलं. तुम्ही मला विचारलंत, तेव्हा मला ते माहीत होतं. भानुदासमामा खरं बोलले होते आणि मी त्यांना तुमच्यासमोर खोटं पाडलं. मी शिकलेला होतो म्हणून तुम्ही माझं ऐकलंत. सहा वर्षं तुम्ही एका जंगली खुंटाला पाणी घातलंत आणि त्यातच पडलात. मामांना हे पहिल्यापासून माहीत आहे. तरी ते रोज पाणी घालतात.

तुमचा विद्यार्थी,
सुभाष