नातीची सीट

"आधी पट्टा, मग गप्पा," म्हणत काका गाडीची किल्ली हातात धरून थांबायचे. मागे बसलेल्या मुलाच्या पट्ट्याचा खटका वाजल्याशिवाय गाडी सुरू व्हायची नाही. मग मूल रडो नाहीतर आई चिडो.

नंदाखालला आम्ही भाड्याने राहायला आलो, तेव्हा शेजारच्या केळीच्या वाडीत ते एकटेच राहत. बायको वारलेली, मुलगा कॅनडात. नातही तिकडेच जन्मली. ती वर्षाची व्हायच्या सुमारास मुलाने फोनवर बजावलं, "पप्पा, आम्ही येतोय. पण लहान मुलांची सीट असल्याशिवाय तिला गाडीत बसवणार नाही."

काकांनी मुंबईहून सीट आणली. जमतं का ते पाहायला तिच्यात एक कोहळा बांधला आणि आगाशीपर्यंत चक्कर मारून आले. "जरासुद्धा हलला नाही," असं पुढे आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते.

त्या वर्षी मुलाचं येणं रद्द झालं. पुढच्याही वर्षी. सीट मात्र रिकामी राहिली नाही. शेजारपाजारची बाळं तिच्यात बसून बाप्तिस्म्याला गेली, आमची सई डोस घ्यायला गेली. एकदा काकांची गाडी घेऊन मी सईला नेत होतो, तेव्हा वळणावर स्कूटर आडवी आली आणि मी करकचून ब्रेक मारला. भाजीची पिशवी पुढे येऊन आपटली, सई जागची हलली नाही. हे कळल्यावर काकांनी तिचे खांदे, हात चाचपून पाहिले.

"कुणाच्या तरी उपयोगी आली," एवढंच म्हणाले.

नात शेवटी आली ती सहा वर्षांची होऊन. विमानतळावर मीही सोबत गेलो होतो. काकांनी सीट धुऊन, उन्हात वाळवून गाडीत बसवली होती. पुढचे दात पडलेली एक उंच मुलगी त्या सीटकडे पाहत उभी राहिली. पट्टे तिच्या खांद्यांपर्यंत पोचेनात.

"पप्पा, ही मोठी झाली आता," मुलगा हळूच म्हणाला. "हिला वेगळी लागते, नुसती उंच बैठक. मीच सांगायला हवं होतं."

काका पट्टे सैल करत राहिले. मग म्हणाले, "फोनवर चेहराच दिसतो रे. उंची कुठे कळते?"

तसंच न्यायला ते तयार होईनात. आम्हाला तिथेच बसवून बैठक शोधायला गेले. दुकानं पालथी घालून परत आले, तोवर नात आईच्या मांडीवर झोपून गेली होती. भेटीची पहिली दुपार अशी गेली.

पुढच्या नाताळाआधी काका वारले. मला ते आठवतात नातीला निरोप देऊन परततानाचे. गाडी मी चालवत होतो. ते मागे बसायला गेले. मागच्या सीटवर तिने सांडलेला बिस्किटांचा चुरा होता. मी झटकायला हात पुढे केला.

"राहू दे. उद्या झाडतो," ते म्हणाले, आणि चुऱ्याला धक्का लागू नये म्हणून घरी पोचेपर्यंत दाराशी अंग चोरून बसून राहिले.